उकळते गुळाचे पाणी

चाळीसपैकी एकोणचाळीस शेतांत सोयाबीनच्या मुळांना गाठी नव्हत्या. भेगाळलेल्या भुईतून रोप उपटावे, मुळे तळहातावर पसरावीत आणि त्यांच्या पांढऱ्या, मुक्या नितळपणाकडे पाहत राहावे, असे जगदेवीचे आठ दिवस गेले. मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे तिचे जिवाणू, लातूरच्या प्रयोगशाळेत तीन वर्षे जोपासलेले, बियाण्यावरच मेले होते.

चाळिसावे शेत धुरपताबाईंचे. तिथे गाठीच गाठी. नखाने फोडली की आत गुलाबी, जिवंत रंग. भादव्याचे कोरडे आभाळ मात्र तेच.

"मावशी, पाकिटातली जिवाणूंची भुकटी कशी लावली बियाण्याला?"

"गुळाचं पानी उकळलं, निवू दिलं, मग कालवलं."

"पाकिटासोबतच्या पत्रकात तर निवू द्या असं नव्हतं."

"मला कुठं वाचता येतं, माय? भुकटीचा वास घेतला, आंबूस हुता. उकळत्या दुधात इरजण टाकतेत का कुनी? इतकं शिकून राहिलीस, अन् हे न्हाई ठावं?"

जगदेवीने पिशवीतून पत्रक काढले. वर ठळक अक्षरांत: 'सोप्या भाषेत विज्ञान'. खाली तिचेच वाक्य: 'गुळाचे द्रावण उकळून त्यात भुकटी मिसळावी.' थंड करण्याचा उल्लेखच नव्हता. प्रयोगशाळेत तो कुणी करत नाही. तिथे हातांनाच ते ठाऊक असते. ज्यांना वाचता येत होते, त्या सगळ्यांनी तिचे ऐकले होते.

तिचे मार्गदर्शक, डॉक्टर सिद्रामप्पा, यांना तिने हे सांगितले.

"कारण दुष्काळ लिही," ते म्हणाले. "ते एक शेत वगळ. हैदराबादची शिष्यवृत्ती या अहवालावर आहे, जगदेवी."

"सर, दुष्काळ चाळीसही शेतांत होता."

रविवारी ती धुरपताबाईंच्या गावात गेली. टँकरची वाट पाहत माणसे पारावर बसली होती.

"या ताई," पंढरी म्हणाला. त्याचे शेत धुरपताबाईंच्या बांधाला लागून. "उदगीर जिल्हा झाला की पाऊसबी मंजूर हुनार म्हनतेत. तवर तुमच्या जिवाणूंचं काय?"

"ते मेले. दुष्काळानं नाही, माझ्या पत्रकानं."

तिने सगळे सांगितले. कुणी हसले नाही.

"म्हंजी आमीच उकळून मारले?" पंढरीने विचारले.

"मी सांगितलं तसंच केलंत तुम्ही."

"पाकिटात जित्तं काही हाय, एवढंच लिहायचं हुतं की," पंढरी हळू म्हणाला. "आमच्या घरात रोज इरजण लागतं, ताई. खतबी ह्या साली टाकलं न्हाई आमी, तुमच्या भरवशावर."

टँकरचा भोंगा वाजला. घागरी उचलून माणसे उठली. धुरपताबाई तेवढ्या थांबल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्याही गेल्या.

पारावर एकटीने बसून तिने पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर लिहिले: 'या पाकिटात जीव आहे.'

सोमवारी अहवाल गेला. त्यात चाळीसही शेते होती, आणि कारण म्हणून जोडलेले तिचे पत्रक. हैदराबादच्या यादीत तिचे नाव आले नाही.