टेपचे सात वेढे

नोल्फाचं पत्र आलं त्याला चार वर्षं झाली. मी उत्तर दिलं नाही. पत्र दोन-तीन ओळींचं होतं आणि तीस वर्षं मुलांच्या निबंधांतल्या चुका काढलेल्या माणसाला तेवढ्याचं उत्तर जड जायला नको होतं. मी सतरा खर्डे केले. सगळ्यांतली भाषा चांगली होती. खरं एकातही नव्हतं.

ते पत्र टपालाने आलं नव्हतं, तिच्या मावशीने लोकरीच्या गोणीत लपवून आणलं होतं. आमच्या बेटाचं टपाल बेलार्मिनोच्या लाँचमधून येतं-जातं. बेलार्मिनो प्रत्येक पाकीट किटलीच्या वाफेवर उघडतो, वाचतो, धक्क्यावर चार लोकांना सांगतो, पिठाच्या खळीने पुन्हा चिकटवतो आणि न चुकता पोचवतो. लाँचचं नाव 'पुंतुआल', म्हणजे वक्तशीर. गेल्या वीस वर्षांत ती एकदाही वेळेवर पोचलेली नाही.

सान पेद्रो हा कोळ्यांचा संत; त्याच्या सणाला मूर्ती बोटीत बसवून खाडीत फिरवतात. पत्र आलं त्या वर्षी मान पुंतुआलचा होता. बेलार्मिनोने लाँच तर रंगवलीच, आतलं इंजिनही हिरवंगार केलं. जणू देव खाली उतरून इंजिन तपासणार होता. नोल्फा बार्रिया ही आमच्या बेटाची मेकॅनिक. तिने इंजिनात तापमानाचा नवा सेन्सर बसवला, सुकाणूपाशी नवी तबकडी लावली आणि ती जेवायला घरी गेली. सोबतची पुस्तिका इंग्रजीत होती, ती वाचायला मला आणून बसवलं होतं.

मी एकटाच होतो. सेन्सरच्या आट्यांतून पाण्याचा एक थेंब ओघळला आणि हिरव्या रंगावर डाग पडला. गळक्या नळांवरचं एक पुस्तक मी पूर्वी वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं, आटे गळले की टेप गुंडाळावी. नोल्फाच्या पेटीत पांढरी टेप होती. मी सेन्सर काढला. बादलीभर पाणी माझ्या बुटांत गेलं, तरी मी सात वेढे दिले आणि सेन्सर पुन्हा घट्ट बसवला. थेंब थांबला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी दुरुस्त झालं होतं. आनंदाच्या भरात मी पुस्तिकेचं शेवटचं पान वाचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. तबकडीवरचा काटा तळाशी झोपून होता.

"बघा!" बेलार्मिनो शेजारच्या बोटींना ओरडून सांगत होता. "तुमच्या इंजिनांना घाम फुटतो, माझं तापतच नाही!"

खाडीच्या मध्यावर समुद्री शेवाळाने इंजिन थंड ठेवणारं पाणी ओढणाऱ्या नळीचं तोंड बंद केलं. खालून वाफ येऊ लागली. बायकांना वाटलं, धूप जळतोय, आणि त्यांनी क्रूसाची खूण केली. काटा झोपलेलाच होता. मग धाडकन आवाज झाला आणि इंजिन बसलं. समोरच्या बेटावरच्या लोकांनी आम्हाला दोर बांधून ओढत आणलं. वाटेभर ते मोठमोठ्याने गात होते, आणि सान पेद्रो उलट्या तोंडाने धक्क्याला लागला.

"बाईच्या हातात इंजिन दिलं की असंच होणार," बेलार्मिनो म्हणाला. ज्यांची इंजिनं नोल्फाने फुकट नीट करून दिली होती, त्यांनीही माना डोलावल्या. तिला इंजिनाला पुन्हा हात लावू दिला नाही. त्या संध्याकाळी मी शेवटचं पान वाचलं. आट्यांना टेप लावू नये. सेन्सरचं अंग इंजिनाच्या धातूला भिडलं नाही तर काटा हलणार नाही. मी पुस्तिका मिटली आणि तोंडही.

नोल्फाला काम मिळेना. ती पुएर्तो मोंत शहराला निघून गेली. बेटावर मास्तरला प्रोफे म्हणतात. तिथून तिने लिहिलं, "प्रोफे, मी सेन्सर कोरडाच, काही न गुंडाळता बसवला होता. माझ्यामागे त्याला कोणी हात लावला, तुम्ही पाहिलंत का? मला घरी परत यायचं आहे."

इंजिन शहरातून दुरुस्त होऊन आलं. सेन्सर नवाच असल्यामुळे तो कोणी बदलला नाही. काटा झोपलेलाच राहिला, आणि थंड इंजिनाचा मालक म्हणून बेलार्मिनो मिरवत राहिला. गेल्या महिन्यात तपासणीला आलेल्या माणसाने मेलेला काटा पाहून लाँचचा परवाना अडवला. आता बेटावर मेकॅनिक नव्हती. बेलार्मिनो स्वतः पाना घेऊन बसला आणि नव्या पुस्तिकेसाठी मला बोलावलं. या वेळी मी शेवटच्या पानापासून सुरुवात केली.

त्याने जुना सेन्सर काढला. टेप पिवळी पडली होती, पण सातही वेढे शाबूत होते.

"अहो प्रोफे, हे बघा! बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं गुंडाळलंय! बाईमाणूस शेवटी!"

"ते मी केलं," मी म्हणालो.

"काय?"

"टेप मी लावली. नोल्फा जेवायला गेली होती तेव्हा."

बेलार्मिनो इतका हसला की पाना त्याच्या हातून निसटून तळाच्या पाण्यात पडला. "तुम्ही? माशाचा डबा उघडायला शेजारीण लागते तुम्हाला! पोरीसाठी जीव तुटतो, कळतं मला. पण असलं खोटं बोलायलाही जरा अंगात कसब लागतं, प्रोफे."

धक्क्यावर त्याने हे सगळ्यांना सांगितलं. तेही हसले. एका म्हाताऱ्याने माझी पाठसुद्धा थोपटली.

नवा सेन्सर कोरडाच बसला. इंजिन चालू झालं आणि काटा चढू लागला. बेलार्मिनोचा चेहरा पांढरा पडला.

"तापलं! तापलं! बंद करा!"

"ऐंशीवर थांबेल," मी म्हणालो. "इंजिन असंच असतं."

काटा ऐंशीवर थांबला. बेलार्मिनो त्याच्याकडे संशयाने पाहत राहिला.

घरी येऊन मी विचार केला. आमच्या बेटावर तोंडावर सांगितलेलं कोणी खरं मानत नाही. चोरून वाचलेलं मात्र सगळे मानतात. मग मी अठरावा खर्डा केलाच नाही, थेट पत्रच लिहिलं. "नोल्फा, मी नुसतं पाहिलं नाही, हात माझाच होता. टेप तुझ्या पेटीतली, सात वेढे. शेवटचं पान नंतर वाचलं आणि गप्प राहिलो. तू परत ये."

सकाळी धक्क्यावर जाऊन मी पाकीट बेलार्मिनोच्या हातात दिलं.

"नोल्फाला?" त्याने भुवया उंचावल्या. "आणि चिकटवलं नाहीत, प्रोफे."

"विसरलो असेन."

"असू द्या," तो मायेने म्हणाला, "मी बघतो." त्याने पाकीट टपालाच्या पिशवीत न टाकता कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि सवयीने किटली स्टोव्हवर चढवली.