सात नंबरची ऊब

रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला जुन्या यंत्रांच्या एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नसायची. खुर्च्या चाळीस आणि माणसं साठ. पडदे ओढलेले, पंखे बंद. पंख्याच्या घरघरीने म्हणे नादाला ओरखडे पडतात. लोक घामाने निथळत बसायचे, पण हूं की चूं करायचे नाहीत.

समोर जमिनीपर्यंत काळं कापड सोडलेलं टेबल. त्यावर दोन अ‍ॅम्प्लिफायर. एक नवा, चपटा, बिचारा. दुसरा जुना, जाड पत्र्याचा, डोक्यावर काचेचे सहा व्हॉल्व्ह, आतून नारिंगी उजळलेले. त्याच्यावर लाल अक्षरात पाटी: 'धोका. हात लावू नये.' हेच ते सात नंबरचं यंत्र. दोन्ही अंगांना कपाटाएवढे स्पीकर आणि टेबलामागे पांढऱ्या कोटातला तो गृहस्थ. स्वतःला तो स्वरवैद्य म्हणवून घ्यायचा.

"आधी नवं ऐका," तो म्हणायचा. तबकडी फिरायची, गाणं सुरू व्हायचं. अर्ध्या मिनिटात तो हात वर करायचा. "काय ऐकलंत? प्रेत! गाण्याचं प्रेत ऐकलंत तुम्ही! आता सात नंबर."

खट्ट करून बटण पडायचं. गाणं तेच, बाई तीच, पण आता आवाज भरून यायचा, अंगावर यायचा.

"आहा!" निवृत्त प्राचार्य डोळे मिटून म्हणायचे. "गायिकेच्या कानातले डूल हलले. स्पष्ट ऐकू आलं."

शेजारचा फोटोग्राफर मागे कसा राहील? त्याला ते डूल सोन्याचे असल्याचंही ऐकू आलं.

"ही वायर बघा," स्वरवैद्य एक मळकी वायर दोन्ही हातांवर आडवी धरून सांगायचा. "तीस वर्षं बंद खोलीत होती. हिने आयुष्यात भांडण ऐकलेलं नाही. म्हणून हिच्यातून नाद शांत वाहतो. नवं यंत्र आवाज ऐकवतं मंडळी, जुनं यंत्र कान घडवतं!"

माणसं माना डोलवायची. घरी प्रत्येकाकडे बरं चाललेलं काहीतरी होतं, पण ते आता कुणाला गोड लागत नव्हतं. प्रत्येकाला सात नंबरच हवं होतं. का हवं, हे विचारलं असतं तर एकालाही धड सांगता आलं नसतं.

पुढच्या रांगेत मात्र हौसेची माणसं नसायची. तिथे ज्यांचे कान गेले ती बसायची. तिसऱ्या खुर्चीवर आठ वर्षांची भिंगरी, तिच्या एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला आई. गेल्या पाच आठवड्यांपासून तिघं दर रविवारी इथे येत होती.

आई कपडे शिवायची. गल्लीत सगळे तिला टाकेवाली म्हणत. नवरा लिफ्टचा मेकॅनिक. भिंगरीचा उजवा कान तीन वर्षं फुटलेला, सारखा वाहायचा. डावाही जेमतेमच. इस्पितळातल्या कानाच्या डॉक्टर बाईंनी तपासून सांगितलं होतं, "आतलं हाड पोखरलं जातंय. ऑपरेशन करायलाच हवं. ऐकू किती येईल ते मी आत्ता सांगत नाही. पण हे असंच वाढलं, तर पुढे मेंदू आहे."

त्यांनी कानात घालायचे थेंब दिले आणि गुरुवारची तारीख दिली. गुरुवार आला आणि गेला. लिफ्टवाल्याने फॉर्मवर सहीच केली नाही.

तो दुष्ट नव्हता हो. घाबरट होता. त्याच्या वडिलांच्या कानाचं ऑपरेशन कुठल्याशा जमान्यात झालं होतं आणि त्यानंतर त्यांचं तोंड जन्माचं वाकडं झालं. पाणी प्यायले की एका कोपऱ्यातून गळायचं. ते बघत तो मोठा झाला. "माझ्या पोरीचं तोंड?" एवढंच तो म्हणायचा आणि उठून जायचा. डॉक्टरांनी सांगितलं की आता तो धोका फार कमी आहे. पण भ्यालेल्या माणसाला 'फार कमी' ऐकूच येत नाही.

अशा वेळी त्याला स्वरवैद्य भेटला. "सुरी लावलीत तर कानाची तार कायमची तुटेल," स्वरवैद्य म्हणाला. "सात नंबरसमोर एक्केचाळीस बैठका. मग यंत्र विकत घेऊन घरी न्या, पोरीला रोज शेक द्या. आवाजाची ऊब असते. हाड भरून येतं." लिफ्टवाल्याला नेमकं जे ऐकायचं होतं, तेच कुणीतरी पांढरा कोट घालून सांगत होतं. त्याने घरातली खिडकीजवळची भिंत मोकळी केली, बायकोचं शिलाई मशीन अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवलं आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत तो जेवायला लागला.

दहा दिवसांत कान वाहायचा थांबला.

"बघ!" तो म्हणाला. "सात नंबर!"

"अहो, मी थेंब घालतेय ना रोज तीनदा."

"थेंब काय, पूर्वीही घातलेच होते."

पूर्वी चार दिवस घालून बाटली हरवली होती, हे तिला आठवलं. पण ती बोलली नाही, कारण तिलाही सुरीची भीती वाटत होती. खरं सांगायचं तर मनातून तिलाही वाटायचं, यंत्रानेच गुण येऊ दे. सगळे म्हणतात ते खोटं कसं असेल? आणि दर बैठकीत स्वरवैद्य भिंगरीची परीक्षा घ्यायचा ना! पहिल्या दिवशी तो हॉलच्या दारातून पाठमोरा पुटपुटला होता, तेव्हा पोरीला काही कळलं नव्हतं. आता तिच्या पुढ्यात उकिडवा बसून तो हळूच म्हणायचा, "केळं." भिंगरी म्हणायची, "केळं!" सगळा हॉल टाळ्या वाजवायचा आणि लिफ्टवाला डोळे पुसायचा.

शनिवारी दुपारी भिंगरी पाण्याचा पेला घेऊन येत होती. मधेच थबकली, भिंतीला हात लावला आणि भेलकांडत खाली बसली. "आई, घर फिरतंय," ती म्हणाली.  डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं: चक्कर आली, डोकं दुखलं, तर थांबायचं नाही.

पोरीला निजवून ती नवऱ्याची वाट बघत मशीनवर बसली, पण टाका पडेना. थोड्या वेळाने भिंगरी उठून भिंतीकडे तोंड करून रंगवत बसली. आई मागून गेली. उजव्या कानाशी वाकून म्हणाली, "केळं." पोर रंगवतच राहिली. आईने मोठ्याने म्हटलं. काही नाही. तिने बटणांचा डबा जमिनीवर आपटला. तेव्हा कुठे भिंगरी वळली, तीही पायाखाली फरशी हलली म्हणून.

आईने तिला समोर धरलं. "तिकडे त्यांना बरोबर सांगतेस ती कशी गं?"

"त्यांच्या तोंडाकडे बघून," भिंगरी म्हणाली. "केळं म्हणताना असं होतं." तिने करून दाखवलं.

"मग बोलली का नाहीस?"

"बाबा खूश होतात ना." मग तिने मान खाली घातली. "आणि तुम्ही दोघं ऑपरेशनला घाबरता."

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण चेहरा दगडासारखा. "दमली असेल. उद्या आपण स्वरवैद्यांनाच विचारू," तो म्हणाला. विचारायचं कुणाला, तर चोराला, की बाबा, चोरी झाली का!

रविवारी भिंगरीला चालतानाही आईचा हात सोडवत नव्हता. हॉल गच्च भरलेला. आईला आज सगळं विचारायचं होतं. साठ माणसांसमोर बोलायचं, तेही प्राचार्यांसारख्यांसमोर, आणि आपण कोण, तर फाटकं शिवणारी बाई. नवं वाजलं, प्रेत झालं, वायर दाखवून झाली. "आता सात नंबर!" बटण खट्ट झालं. आई खाली मान घालून बसली होती, म्हणून तिची नजर स्वरवैद्याच्या बुटावर पडली. काळ्या कापडाच्या कडेखाली बुटाचा पुढचा भाग हळूच दाबला गेला. गाणं भरून आलं.

ती हालचाल तिच्या ओळखीची होती. तिचा उजवा पाय वीस वर्षं तेच करत होता. मशीनचं पॅडल दाबायची ती तऱ्हा होती.

 एवढ्यात भिंगरी खुर्चीवरून उतरली. कमी ऐकू येतं म्हणून घरी ती रेडिओवर तळहात ठेवून गाणं 'बघायची'. तसा तिने मोठ्या स्पीकरच्या जाळीवर हात ठेवला. मग दुसऱ्या स्पीकरवर, मग टेबलावर. मग आईकडे वळून तिने आपल्या समजुतीने अगदी कुजबुजत सांगितलं. कमी ऐकू येणाऱ्यांची कुजबुज केवढी असते ते ठाऊक आहे ना? सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"आई! हे दोन्ही बंदच आहेत! टेबलाच्या खालून वाजतंय!"

"बाळ, मागे हो!" स्वरवैद्य ओरडला. "व्हॉल्व्ह तापलेत! कोळसा होईल हाताचा!"

लिफ्टवाल्याने पोरीला मागे ओढलं. आई मात्र उठली. ती टेबलापर्यंत गेली.

"तापलेत ना?" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मग बघते."

इस्त्री तापली की नाही हे ती दिवसातून दहा वेळा बघायची. बोट जिभेला लावायचं आणि थेंब झटकायचा. चर्र झालं तर तापली. तिने बोट ओलं केलं आणि उजळलेल्या काचेवर थेंब झटकला.  थेंब काचेवरून ओघळला आणि पत्र्यावर जाऊन बसला.

चर्र झालं नाही.

तिने डोळे मिटून काचेला बोट लावलं. मग काचेभोवती आख्खी मूठ वळली. "गार आहे," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "अहो, या ना. गार आहे हो हे!"

लिफ्टवाला जागचा हलेना. लिफ्टचं पॅनेल उघडून स्वतः बघितल्याशिवाय कुणाला आत पाऊल टाकू न देणारा हा माणूस. पण धोक्याची लाल पाटी दिसली की हात मागे घ्यायचा, हेही त्याला पहिल्याच दिवसापासून शिकवलेलं. पाच आठवडे त्याने त्या पाटीचा मान राखला होता. आता त्याने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, भिंतीतला प्लग उपटला आणि नारिंगी उजेड विझला. गाणं मात्र चालूच राहिलं.

"हा नादाचा अपमान... यंत्राचा कोप..." स्वरवैद्य बडबडत होता, पण जिन्याकडे सरकत.

चार स्क्रू निघाले. आत व्हॉल्व्हच्या बुडाशी सहा चिमुकले नारिंगी दिवे, बाकी नुसता रिकामा डबा. काळं कापड वर केलं. खाली कुठल्याही दुकानात मिळतो तसला नवा छोटा अ‍ॅम्प्लिफायर, त्याचे दोन स्पीकर आणि आवाज कमीजास्त करायचं पॅडल. वरची दोन्ही यंत्रं नुसती शोभेची होती. नवं लावलं म्हणताना पाय सैल, सात नंबर म्हणताना पाय जरा दाबलेला. तेच गाणं किंचित मोठं झालं की आपल्या कानाला ते जास्त गोड वाटतं, हा आपल्या सगळ्यांच्या कानांचा स्वभाव आहे. डूल प्राचार्यांनी पदरचे घातले होते.

प्राचार्यांनी घसा खाकरला. "मला पहिल्यापासूनच शंका होती," ते म्हणाले.  स्वरवैद्याला जिन्यावरच फोटोग्राफरने धरून ठेवलं आणि पुढचं काम पोलिसांनी केलं.

लिफ्टवाला त्या उघड्या डब्यासमोर बसून होता. "मी हे उघडून का नाही बघितलं गं?" तो म्हणाला. आणि मग एकदम उठून त्याने भिंगरीला उचललं. रविवार असला तरी इस्पितळाचा तातडीचा विभाग उघडा असतो. सही करण्याआधी त्याने फॉर्ममधली तोंड वाकडं होण्याची ओळ दोनदा वाचली. पण त्याने केली.

डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन केलं. "आणखी थोडं थांबला असतात तर काय झालं असतं, ते मला सांगवत नाही," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. भिंगरी शुद्धीवर आली तेव्हा लिफ्टवाला तिच्या ओठांकडे टक लावून बघत होता. ती हसली. दोन्ही कोपरे सारखे वर गेले. तेव्हा तो माणूस बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.

आता एवढंच सांगायचं आहे. खरे व्हॉल्व्ह खरंच भाजतात, त्यांना कुणी हात लावू नये. जुन्या यंत्रांची हौस असावी, त्यात काही पाप नाही. पण जो माणूस विचारू देत नाही, झाकण उघडू देत नाही आणि वर तुमच्या भीतीलाच औषध म्हणून विकतो, त्याला आधी टेबलावरचं कापड वर करायला सांगा. जाणत्या माणसाला बोलवा, दोघांना विचारा, डॉक्टरांना चार शंका विचारा. भीती सगळ्यांनाच वाटते. तिला घेऊनच विचारायचं असतं.

शिलाई मशीन पुन्हा खिडकीजवळ आलं. दोन महिन्यांनी, जखम भरल्यावर, एका संध्याकाळी लिफ्टवाला भिंगरीच्या मागून उजव्या कानाशी वाकला. आईचं मशीन थांबलं.

"केळं," तो म्हणाला.

भिंगरीने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा आशेने भरलेला चेहरा तिने नीट बघितला.

"काहीतरी बोललात," ती म्हणाली. "पण कळलं नाही, बाबा. परत सांगा."

तो पुढे येऊन तिच्यासमोर बसला आणि त्याने परत सांगितलं.