तीन मिनिटांचा मायक्रोफोन

मित्रांनो, राटहाउसच्या, म्हणजे नगरभवनाच्या, सभागृहात मान वाकवून उभा असलेला जुना मायक्रोफोन मीच. फ्रांकफुर्टजवळच्या एका शहराच्या नगरपरिषदेत माझं आयुष्य गेलं. नवा होतो तेव्हा "काय स्वच्छ आवाज!" म्हणून साऱ्यांनी माझं कौतुक केलं होतं. आता माझ्या वायरला चिकटपट्टी आहे आणि मी फक्त रहिवाशांच्या प्रश्नांपुरता उरलो आहे. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. वेळ संपली की माझ्या गळ्यातली लाल कडी पेटते आणि मी मुका होतो.

नव्या ट्रामची चर्चा मी अकरा वर्षं ऐकतो आहे. अहवाल आले, निवडणुका झाल्या, पुन्हा अहवाल आले. गेल्या गुरुवारी मात्र निकाल लागणार होता. खर्च वाढला म्हणून इस्पितळाजवळचा शेवटचा थांबा गाळायचा प्रस्ताव होता.

त्या दिवशी दीनानाथ आजोबा माझ्यासमोर आले. दुभाषी म्हणून सून विभावरी सोबत होती. आजोबांच्या पत्नीला, प्रभाताईंना, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. थांबा गेला तर पुढचा चढ त्यांना चढवणार नव्हता. आजोबांनी आठवडाभर भाषण घोकलं होतं.

पण ते पडले पुण्यातल्या सभांमध्ये मुरलेले!

"सन्माननीय महापौर, उपमहापौर..." आजोबा यादी काढून एकेका सदस्याचं नाव आदराने घेऊ लागले. माझे सेकंद पळत होते.

"बाबा, मुद्द्यावर या ना! एकच मिनिट उरलंय," विभावरी कुजबुजली.

"अगं, मान न देता बोलायचं कसं?" म्हणत त्यांनी शेवटच्या बाकावरच्या सदस्य बाई फ्राउ लेम्के यांचंही नाव घेतलं.

नमनालाच घडाभर तेल गेलं. "माझी पत्नी..." एवढं ते म्हणाले, विभावरीने तेवढंच जर्मनमध्ये सांगितलं आणि लाल कडी पेटली. त्यांचे ओठ हलत राहिले. मित्रांनो, मला माझीच लाज वाटली.

"डांके, धन्यवाद. पुढचं नाव?" अध्यक्ष म्हणाले.

फ्राउ लेम्केंचा पक्ष थांबा गाळायच्या बाजूचा. सहा वर्षांत त्यांचं नाव तिथे क्वचितच कुणी घेतलं होतं. त्यांनी आपल्या बाकावरचा माइक सुरू केला.

"सदस्य म्हणून माझा प्रश्न आहे. त्यांच्या पत्नीचं काय?"

मग विभावरीला आपल्या बाकाजवळ बोलावून तोच माइक त्यांनी तिच्यापुढे धरला. "माझ्या सासूबाईंचं डायलिसिस चालू आहे. त्या चढ चढू शकत नाहीत," विभावरी जर्मनमध्ये म्हणाली.

हात वर झाले. गाळायच्या बाजूने तेवीस, विरोधात तेवीस. विरोधातला शेवटचा हात फ्राउ लेम्केंचा होता. मतं समसमान झाली की प्रस्ताव पडतो. थांबा वाचला, आणि आजोबा खुर्चीवर बसून रडले.

पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवा मायक्रोफोन येणार आहे. त्याची वेळही तीनच मिनिटांची. म्हणून मित्रांनो, मुद्दा आधी सांगा. आणि कुणाचा आवाज मध्येच बंद पडला, तर आपला माइक त्याच्यापुढे धरा.