झ्लातिनाचे अकरा सेकंद

"थांबा साहेब, सही करू नका," झ्लातिना म्हणाली. "अकरा सेकंद विमान कुणीच चालवत नव्हतं."

परीक्षक ग्रुबरसाहेबांचं पेन कागदावरच अडकलं. मी धावपट्टीकडेच्या बाकावर, त्यांच्या शेजारीच, बानित्साचं म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत पापुद्र्यांचं ताट मांडीवर घेऊन बसलो होतो. मी ताट बाजूला ठेवलं.

झ्लातिना माझी बायको. एकवीस वर्षं तिने रुसे शहरात ट्रॉलीबस चालवली, आणि मी त्याच बसच्या वरच्या तारा दुरुस्त करतो. त्रेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी दात घासता घासता ती म्हणाली, "मेतोदी, मी पायलट होणार. हौस म्हणून नाही, पोटापाण्यासाठी." मला वाटलं, बाईला ताप आलाय. डेपोत तर सगळ्यांची करमणूक झाली. "अगं, वर थांबे नसतात, माणसं उतरवशील कुठे?" असं तिकीटवाली पेन्का विचारायची. तीन वर्षं झ्लातिना सकाळची पाळी संपवून शिकायला गेली. आज व्यावसायिक परवान्याची शेवटची परीक्षा होती. पास झाली तर सोमवारपासून सोफियात मालवाहू विमानांवर नोकरी. नाहीतर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाची.

आणि ती पास झाली होती! ग्रुबरसाहेब व्हिएन्नाचे, स्तुती मोजूनमापून करणारे. त्यांनी नुकतंच तिचं अभिनंदनही केलं होतं.

"कुणीच नाही म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"मी नकाशा काढला तेव्हा तुम्ही विचारलंत, तोवर सुकाणू मी धरू का? कानात टॉवरचं बोलणं चाललं होतं, म्हणून मी नुसती मान हलवली. अशी."

तिने मान आडवी हलवली. आमच्या बल्गेरियात त्याचा अर्थ हो. बाकीच्या दुनियेत उलटा कारभार का, देव जाणे.

"म्हणजे तुम्ही नको म्हणालात," ग्रुबरसाहेब म्हणाले.

"मी हो म्हटलं. आणि हात सोडले."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी तर टिपणं लिहीत होतो."

"वर बघते तर तुमचे दोन्ही हात वहीवर, आणि डावा पंख खाली चाललेला. मग मी सावरलं."

"हो, लिहिलंय मी. 'पंख सफाईने सावरला.'" वाचता वाचता ते स्वतःच दचकले.

मी ताडकन उठलो. दोन शहाणी माणसं हवेत आणि विमान वाऱ्यावर सोडलेलं! त्याहून मोठा धक्का हा, की साहेबांना पत्ताही नव्हता आणि ही आपल्या तोंडाने सांगत होती.

"वेड लागलंय का तुला?" मी आमच्या भाषेत ओरडलो. "पडलं का विमान? नाही ना? मग गप्प बस की!"

"मेतोदी, हात सोडण्याआधी तोंडाने बोलायचं, हा पहिला धडा असतो. तो आज मी विसरले. हे लपवून सोमवारी त्या खुर्चीत कशी बसू?"

ग्रुबरसाहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "मीही तुमचं उत्तर ऐकल्याशिवाय पुढे गेलो. ते माझ्या नावावर लिहीन. पण बाई, आज परवाना देता येणार नाही."

"माहीत आहे."

"पुन्हा परीक्षा सहा आठवड्यांनी."

सोमवार चार दिवसांवर होता. मी रडलो, खोटं कशाला बोलू? ती नाही रडली. साहेबांशी हात मिळवून ती बादली आणि फडकं घेऊन विमानाकडे गेली. आमच्या धावपट्टीवरची रीत अशी, की उतरलेल्याने पुढच्यासाठी काच पुसून द्यायची. परीक्षा पास झालेल्याला तेवढी माफी असते.

पुढचा उमेदवार ओशाळून म्हणाला, "राहू दे ताई, मी पुसतो."

"असू दे. तुला उन्हाकडे तोंड करून उतरायचंय. काच साफ हवी."

स्टुलावर चढून तिने चिकटलेले किडे एकेक करून काढले. खाली उतरली, उन्हात डोळे बारीक करून काचेकडे पाहिलं. कोपऱ्यात एक डाग राहिला होता. ती परत स्टुलावर चढली.