आईचं वय

दुपारी दवाखान्यात जाऊन काचेच्या पेटीतल्या नातीला पाहायचं, हा सादाएचा तीन आठवड्यांचा नेम होता. शेजारी सून काहो पेटीवर हात ठेवून रोज पुटपुटायची, "माफ कर हं बाळा, फार उशिरा जन्माला घातलं तुला." आणि सादाए तिला ते म्हणू द्यायची.

म्हणू देणारच. तीस वर्षं गावची आरोग्यसेविका म्हणून तिने दारोदार हेच सांगितलं होतं, पस्तिशीच्या आत उरका. एकोणचाळिसाव्या वर्षी काहोला सात आठवडे आधीच अठराशे ग्रॅमची मुलगी झाली, तेव्हा तिच्या खाटेशी जाऊन सादाए म्हणाली होती, "सांगत होते ना मी."

या तिसऱ्या आठवड्यात विद्यापीठातली संशोधक नागिसा घरोघरी बाळंतपणाच्या जुन्या नोंदवह्या मागत आली. तिला प्रत्येक घरातल्या सगळ्या भावंडांच्या हव्या होत्या. सादाएने कारण विचारलं.

"काकू, लवकर आई होणारी बाई वेगळी, उशिरा होणारी वेगळी. घर, काम, दुखणी, सगळंच निराळं. तो फरकही आपण वयाच्याच माथी मारतो. म्हणून एकाच आईची बाळंतपणं शेजारी ठेवून बघायची."

"मग वयाचा दोष राहत नाही?"

"राहतो थोडा. पण वाटतो तेवढा नाही. अर्थात एका घरावरून काही ठरत नाही, हजारो घरं लागतात."

सादाएने कपाटातून आपल्या दोन वह्या काढल्या. आत काय आहे ते तिला पाठ होतं. मुलीच्या वेळी आपलं वय सदतीस, बाळाचं वजन बत्तीसशे ग्रॅम. मुलाची वही मात्र तिने चाळीस वर्षं कुणाला दाखवली नव्हती. तिची सासू तेव्हा म्हणाली होती, हिच्या कुशीत बळच नाही. तो घाव जपून ठेवून तिने गावातल्या लेकीसुनांना वाटला होता. तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी काहो पेटीशी वाकली, तशी सादाएने ती वही तिच्या हातात दिली.

"आईचं वय तेवीस, बाळाचं वजन एकोणीसशे," काहोने वाचलं. "कोण हे?"

"तुझा नवरा. आता एवढा उंच, की प्रत्येक दाराच्या चौकटीला डोकं आपटतं त्याचं."

काहोला हसू आलं, पण ओठांवरच विरलं. "हे माहीत असून तुम्ही तसं का बोललात, आई?"

सादाए सुनेपुढे कमरेत वाकली. "माफी मी मागायला हवी होती. तुझी, आणि गावातल्या कितीतरी जणींची. त्यांच्याही दारी जाईन."

काहोने "असू दे" म्हटलं नाही. पण त्या दिवशी तिने बाळाची माफीही मागितली नाही.