साकीनाक्याच्या चाळीचा जिना

मी एक जुना सागवानी जिना होतो, मित्रांनो. आता नुसता लाकडांचा ढीग आहे. साकीनाक्याच्या एकमजली भाड्याच्या चाळीत धाकू सुताराने मला बसवलं. आजूबाजूच्या वर्कशॉपमध्ये राबणारी माणसं माझ्यावरून घरी जायची. भाडं त्यांच्या ऐपतीतलं होतं, म्हणून त्यांची पोरंबाळं इथेच वाढली. गणपती आले की मला तेलपाणी व्हायचं.

पुढे चाळ विकली गेली. नव्या मालकाला, चंद्रप्रकाशला, इथे टॉवर बांधायचा होता. आधी त्याने पाणी तोडलं. मग रिकाम्या खोल्यांची छपरं फोडली. एकेक भाडेकरू निघून गेला. वरच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं उरली, शेवंतीचं आणि तिची शेजारीण मालन हिचं. मालनचे सासरे अंबादास अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. त्यांची वाचाही गेलेली.

एका सकाळी चंद्रप्रकाशचा मुकादम धोंडिराम गडी घेऊन आला. "जिनाच उपटा रे! मग खोल्या सोडतील आपोआप."

पहिला घण माझ्या तळाच्या पायरीवर बसला. हाड मोडावं तसा मी मोडलो. मालन धावत मधल्या पायरीपर्यंत आली.

"वर माझे सासरे झोपून आहेत! चालता येत नाही त्यांना!"

"मग उचलून ने ना! बाजूला हो!"

"कुठे नेऊ? या भाड्यात मुंबईत कोण खोली देतो, तू दाखव!"

धोंडिरामने तिला केसांना धरून ओढलं. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. त्याने तिला ढकललं. माझा कठडा मोडला आणि ती कमरेवर फरशीवर आदळली. तिला सावरायला मला हात नव्हते, मित्रांनो.

शेवंतीने गॅलरीतून उकळत्या पेजेचं पातेलं खाली उपडं केलं. "मेल्यांनो, बायलमाणसावर हात टाकतास?" धोंडिरामचा खांदा भाजला. तो पिसाळला. "तोडा, सगळा तोडा!" घणावर घण पडले आणि मी भिंतीपासून उखडून कोसळलो.

वर्कशॉपची माणसं धावून आली तेव्हा कुठे ते पळाले. शिडी लावून, चादरीची झोळी करून अंबादासना खाली उतरवायला घेतलं. पण त्यांनी चांगल्या हाताने गॅलरीचा गज घट्ट धरून ठेवला होता. शेवंतीला त्यांचं एकेक बोट सोडवावं लागलं. ते सोडवताना ती हमसून हमसून रडली.

धोंडिरामवर केस झाली. पण चाळ पडायची ती पडलीच. मालन विरारच्याही पलीकडे राहायला गेली. ती आता काठी घेऊन चालते. अंबादास नव्या जागेत महिनाभरही जगले नाहीत.

मित्रांनो, जुन्या घराची पायरी हलली तर पाचर मारा, कठडा सैल झाला तर खिळा ठोका. आणि घर पाडायला कुणी आलंच, तर घण उचलण्याआधी त्याला एवढं विचारायला लावा, "वर कोण राहतं?"