हिरव्या लुगड्याआडची बंदूक

मित्रांनो, मी एक जुनी चकमकीची बंदूक आहे आणि मला माझ्याच तोंडाचा वास सहन होत नाही. कुजकं अंडं आणि जळके केस एका जागी केले तर जसा येईल तसा तो वास. माझ्यात दारू ठासली त्याला आता वर्षं लोटली, तरी जात नाही. माझी गोष्ट ऐकायची तर नाक धरूनच ऐका.

बोरगावच्या एका लोहाराने मला घडवलं. माझा दस्ता शिसवीचा. घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटायची, ठिणगी पडायची, त्या ठिणगीने रंजक, म्हणजे नळीच्या बारीक भोकाशी ठेवलेली चिमूटभर बारीक दारू, भडकायची आणि मग कुठे बार निघायचा. ठिणगी आणि बार यांच्यात पापणी लवण्याइतका उशीर व्हायचा. नव्या बंदुका आल्यावर त्या उशिराला लोक हसू लागले. मलाही त्याची फार लाज वाटे.

सुरुवातीची वर्षं मात्र सुखाची होती. शाळूच्या राखणीला मला नेत. रानडुकरं आली की नुसता पोकळ बार काढत आणि डुकरं पळून जात. खंडेनवमीला मला हळदकुंकू वाहत. कुणाचा जीव न घेता मी पोटभर मान खाल्ला.

मग मी त्याच शेतकरी घरातल्या मारुतीरावांच्या हाती आले. माणूस कामाचा, पण त्याला वाहवा लागायची. चारचौघांनी 'शिकारी' म्हटलं की छाती फुगायची. त्याची बायको नागुबाई अगदी वेगळी. तिच्या शेताला लागून गवताळ माळ होता आणि त्या माळावर माळढोक राहत. कमरेएवढा उंच पक्षी, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. पुरुषमाणूस लांबून दिसला तरी तो पळत सुटायचा. बायकांना मात्र भ्यायचा नाही. नागुबाई भांगलायला बसली की तो मागून मागून चालायचा आणि तिच्या खुरप्याने उठलेले नाकतोडे टिपायचा. ती त्याला "आलास व्हय रं?" म्हणायची. पिकाची कीड जायची आणि तिला सोबत व्हायची.

निपाणीला भावकू आप्पा नावाचे तंबाखूचे वखारवाले होते. त्यांच्या मळ्यात मोठ्या जेवणावळी झडत. एकदा ते म्हणाले, "मारुतीराव, माळढोकाचं मटण लई ग्वाड असतंय म्हणं. तुमच्याबिगार कोण मारनार?" झालं! एवढ्यावर आमचा गडी पाघळला.

पण माझ्या त्या उशिरामुळे पक्ष्याच्या अगदी जवळ जावं लागायचं. तेव्हा या शहाण्याने काय केलं ठाऊक आहे? दोरीवर वाळत घातलेलं नागुबाईचं हिरवं लुगडं नेसला, डोक्यावर पदर घेतला आणि मला पदराखाली धरून वाकून चालू लागला. नर माळढोक मान फुगवून, शेपूट उभारून मादीपुढे मिरवत होता. त्याने हिरवं लुगडं पाहिलं आणि तो हललासुद्धा नाही. मी तेव्हा किती जवळ होते! त्याच्या छातीवरची पिसं वाऱ्याने हलताना मला दिसत होती. बार निघाला.

शी! त्यानंतरचं जेवण आठवलं की अजून ओकारी येते. ओठांवरून ओघळणारी चरबी, दाताखाली आलेले छर्रे ताटात थुंकण्याचा टणटण आवाज, निम्मं मांस कुत्र्यांपुढे. तेच खरकटे हात पुसता पुसता लोक मला कुरवाळत होते. "काय बंदूक हाय!" म्हणत होते. अशा कौतुकापेक्षा शेणात पडलेली बरी.

घरी नागुबाईने लुगड्यावरचा डाग पाहिला.

"माझं लुगडं नेसून गेलतासा?"

"अगं, धुतलं की जाईल. त्यात काय एवढं?"

"डाग जाईल. त्यो माझ्या भरवशावर हुबा हुता, त्याचं काय?"

पुढे दर साली हेच. माळ रिकामा होत गेला. शेवटी एकच मादी उरली आणि तीही नागुबाईच्या मागे मागेच राहायची. एवढा एक जीव तरी वाचावा, हा नागुबाईला ध्यास लागला. ती आडवी आली, बोलली, रडली. तेवढ्यात भावकू आप्पांकडे बेळगावचे पाहुणे आले.

"ते हिरवं लुगडं काढ," मारुतीराव म्हणाले.

नागुबाईने ते पेटीतून काढून दिलं. मला तिचाही राग आला.

बांधावर आप्पा आणि पाहुणे दबून बसले. मारुतीराव लुगड्यात वाकून निघाले. मादी नाकतोडे टिपत होती. तिने मान वर केली, लुगडं ओळखलं आणि पुन्हा खाली घातली. घोडा चढला.

तोच ओरड झाली. पलीकडच्या बांधावरून धोतर, पटका आणि काळा कोट घातलेला एक पुरुष खांद्याला काठी लावून, "हाऽऽ हाऽऽ" करत मादीवर धावून येत होता. मारुतीरावांचेच कपडे होते ते. आत नागुबाई होती!

मादी पळाली. मारुतीरावांनी चाप ओढला. ठिणगी पडली, रंजक भडकली आणि त्या पापणीभर उशिरात मादीने जमीन सोडली. छर्रे ढेकळांत गेले. ज्या उशिराची जन्मभर लाज धरली, त्याच्या मी त्या दिवशी पाया पडले असते.

मारुतीराव भडकून ताठ उभे राहिले आणि पदर गळून पडला. बांधावर हसण्याचा नुसता गदारोळ उठला.

"येड लागलंय काय गं तुला?"

"तुमास्नी माझं लुगडं चालतंय, मग मला तुमचं धोतर का चालू नये?" नागुबाई म्हणाली. पण तिचे डोळे आभाळाकडे होते आणि ते भरून आले होते.

मारुतीरावांनी पुन्हा मला हात लावला नाही. लुगड्यातला शिकारी म्हणून लोक त्यांना अजून चिडवतात.

देश स्वतंत्र झाला त्या दिवशी गावकरी मला घासून, तेल लावून चावडीत टांगायला न्यायला आले. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जपा असं तुम्हांला सगळे सांगतील. मी सांगते, मला जपू नका. मला गंजू द्या. जपायचाच असेल तर एखाद्या मुक्या जीवाने टाकलेला भरवसा जपा, तो पुन्हा घडवता येत नाही. ती मादी जगली असेल, पण नागुबाईच्या मागे परत कधी आली नाही. बार लुगड्यातूनच निघाला होता आणि तिला पळायला नागुबाईनेच लावलं होतं. आजही भांगलताना म्हातारी मध्येच खुरपं थांबवते, "आलीस व्हय गं?" म्हणते आणि मागे वळून बघते.